उघडता येणारा फोन आणि न फुटणारा फोन: फेअरफोन ४ व पिक्सेल ६ए यांचं प्रकरण

फेअरफोन ४ची पाठ नखाने निघते. कडेच्या खाचेत नख अडकवून ओढलं की झाकण सुटतं आणि बॅटरी समोरच असते. ती काढून दुसरी बसवायला कुठलंही हत्यार लागत नाही. स्क्रीन, कॅमेरा, चार्जिंगचं पोर्ट, स्पीकर यांच्यासाठी साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो. ॲमस्टरडॅमच्या या कंपनीने ३० सप्टेंबर २०२१ रोजी हा फोन जाहीर केला, तेव्हा सुटी बॅटरी साधारण ३० युरोला आणि सुटा डिस्प्ले साधारण ८० युरोला कंपनीच्याच दुकानात मिळत होता. फोन उघडून तो किती दुरुस्त करता येतो ते तपासणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी दहापैकी दहा गुण दिले.

गूगलचा पिक्सेल ६ए त्यानंतर दहा महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये आला. याच्या आत शिरायचं तर पुढूनच. आधी स्क्रीनची कड गरम करायची, डिंक सैल झाला की पातळ पत्ती सरकवायची, आणि स्क्रीनच्या केबलपट्टीला धक्का न लावता अख्खी स्क्रीन उचलायची. बॅटरी त्याच्याही खाली, पुन्हा चिकटवलेली. हात सरावाचा नसेल तर बॅटरी बदलायला बसलेला माणूस फोल्डरही, म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीनही, बदलून उठतो.

आता गंमत अशी की खाजगीपण आणि सुरक्षा या बाबतीत ज्या अँड्रॉइड प्रणालीचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, ती ग्राफीन ओएस, या दुसऱ्या फोनवर चालते. पहिल्यावर नाही. नुसती ‘अजून आली नाही’ असंही नाही. ग्राफीनच्या लोकांनी फेअरफोनला घ्यायला वेळोवेळी साफ नकार दिला आहे, आणि त्यांची भाषा फारशी मवाळ नसते.

‘फोन माझा आहे’ म्हणणाऱ्या ग्राहकाला त्यामुळे चमत्कारिक निवड करावी लागते. एका फोनच्या शरीरावर त्याचा ताबा, दुसऱ्याच्या आतल्या प्रणालीवर. दोन्ही एकत्र का मिळत नाही, हे या दोन फोनांच्या कथेत चांगलं दिसतं.

किल्ली सगळ्यांकडे

फोन सुरू होताना बूटलोडर, म्हणजे प्रणाली चालू करून देणारा पहिला छोटा प्रोग्राम, आधी एक गोष्ट तपासतो: समोर आलेली प्रणाली खऱ्या निर्मात्याने सही करून दिलेली आहे की मधल्या मध्ये कुणी बदलली आहे? ही सही एका गुप्त किल्लीने होते. किल्ली निर्मात्यापाशीच असली पाहिजे, हे उघड आहे.

अँड्रॉइडच्या मोफत उपलब्ध कोडबरोबर चाचणीसाठी काही नमुना किल्ल्या येतात. अभियंत्यांनी प्रयोगासाठी वापरायच्या आणि फोन बाजारात जाण्याआधी बदलायच्या. फेअरफोन ३ आणि ४च्या बूटलोडरने मात्र याच सार्वजनिक किल्लीवर विश्वास ठेवला. नव्या सोसायटीत बिल्डरने सगळ्या दारांना कॅटलॉगमधल्या नमुन्याचंच कुलूप लावावं आणि त्याची किल्ली गल्लीतल्या प्रत्येक किल्लीवाल्याकडे लटकत असावी, तसा हा प्रकार. कुलूप लागतं, आवाजही खणखणीत येतो. पण फोन हातात पडलेल्या माणसाला त्याच नमुना किल्लीने सही केलेली वेगळी प्रणाली त्यावर चढवता येते, आणि ‘ही मूळ प्रणाली नाही’ हा इशारा पडद्यावर येतच नाही.

लोकलमध्ये खिसा मारणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. त्याला फोन विकायचा असतो. हा दोष महागात पडतो तो ज्याचा फोन तासाभरासाठी दुसऱ्याच्या ताब्यात जाऊन गुपचूप परत येतो त्याला: विमानतळावर, पोलीस ठाण्यात, हॉटेलच्या खोलीत. नेमक्या अशाच माणसाला खाजगीपण जपणारी प्रणाली हवी असते.

दुसरी अडचण याच्या उलट टोकाची. फेअरफोन ४वर ई ओएससारखी (गूगलच्या सेवांविना चालणारी अँड्रॉइड) दुसरी प्रणाली टाकण्यासाठी बूटलोडरचं कुलूप उघडून ते पुन्हा बंद करायला गेलेल्या कित्येकांचे फोन कायमचे गप्प झाले. कारण एवढंच, की नव्या प्रणालीचा सुरक्षा-पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारा अपडेट) आधीच्यापेक्षा जुन्या तारखेचा होता. जुनी, भोकं असलेली प्रणाली परत चढवता येऊ नये म्हणून ठेवलेलं संरक्षण ते. ते बरोबर चाललं आणि फोनची वीट झाली. ई ओएसच्या सूचनांमध्ये याचा ठळक इशारा आहे. अशा वेळी दहापैकी दहा गुण आणि तो फिलिप्स स्क्रूड्रायव्हर दोन्ही ड्रॉवरमध्ये राहतात. फोन सर्व्हिस सेंटरलाच पाठवावा लागतो.

चिपचं वय

फेअरफोनवर टीका करणं सोपं आहे, म्हणून त्यांनी केलेलं एक काम आधी सांगतो. २०१५च्या फेअरफोन २मध्ये स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप होती. अँड्रॉइड ६नंतर चिपनिर्मात्या क्वालकॉमने तिच्यातून अंग काढून घेतलं. बहुतेक कंपन्यांनी तिथेच ‘नवा घ्या’ म्हटलं असतं. या छोट्या कंपनीने चिपनिर्मात्याच्या मदतीशिवाय अँड्रॉइड ७, मग ९, मग १० त्या फोनवर आणलं आणि मार्च २०२३ पर्यंत त्याला अपडेट दिले. सात वर्षांहून अधिक. त्या काळात अँड्रॉइडच्या दुनियेत असं जवळजवळ कुणी करत नव्हतं.

पण या पराक्रमाची मर्यादाही तिथेच आहे. अँड्रॉइडचा वरचा थर कुणीही हुशार चमू दुरुस्त करू शकतो. खालचं फर्मवेअर, म्हणजे मोडेम, ग्राफिक्स, चिपमधला सुरक्षित विभाग यांचा बंदिस्त कोड, फक्त क्वालकॉमच दुरुस्त करू शकतं, आणि त्याच्या दुरुस्त्या फक्त चिप ‘जिवंत’ असेपर्यंत येतात. फेअरफोन ४च्या स्नॅपड्रॅगन ७५०जीबद्दल खाजगीपणावर सल्ला देणाऱ्या प्रायव्हसी गाइड्स या संकेतस्थळाने नोंदवलं होतं, की फर्मवेअरच्या सुरक्षा-दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्येच थांबतील, कंपनी फोनला त्यापुढे कितीही वर्षं अपडेट देवो. म्हणजे पडद्यावर ‘सुरक्षा पॅच’ची ताजी तारीख झळकत असते, आणि तिच्या खालचा एक मजला तसाच उघडा असतो.

यातून कंपनी शिकली. २०२३च्या फेअरफोन ५मध्ये तिने मोबाइलची नेहमीची चिप न घेता क्यूसीएम६४९० ही औद्योगिक उपकरणांसाठीची चिप घेतली, कारण अशा चिपांना क्वालकॉम जास्त वर्षं सांभाळतं. मला हा निर्णय सगळ्या मॉड्यूलपेक्षा, म्हणजे सुट्या काढता येणाऱ्या भागांपेक्षा, मोठा वाटतो. बॅटरी बदलता येणं ही दुरुस्तीची पहिली पायरी. तिसऱ्या वर्षानंतर फोन टाकून द्यायला लावणारी गोष्ट बहुधा बॅटरी नसते, अपडेट बंद होणं असतं.

ग्राफीनचा हट्ट

ग्राफीनची मुळं २०१४ मधल्या कॉपरहेड ओएसमध्ये आहेत. डॅनियल मायके यांनी सुरू केलेलं हे काम २०१९पासून सध्याच्या नावाने चालतं. त्यांच्या अटींची यादी जाहीर आहे. दुसरी प्रणाली टाकूनही बूटलोडर पुन्हा बंद करता आला पाहिजे आणि तपासणी पूर्ण चालली पाहिजे. दर महिन्याचे सुरक्षा-पॅच नियमितपणे आठवड्याच्या आत आले पाहिजेत. मुख्य प्रोसेसरपासून वेगळं सिक्युअर एलिमेंट हवं. नव्या फोनांसाठी स्मृतीच्या चुका पकडणारं मेमरी टॅगिंगही चिपमध्ये हवं, जे पिक्सेलमध्ये पिक्सेल ८पासून आहे.

यातलं सिक्युअर एलिमेंट नेमकं काय करतं ते पाहण्यासारखं आहे. सहा आकडी पिन म्हणजे दहा लाख शक्यता. संगणकाला त्या तपासणं किरकोळ काम आहे. पण पिक्सेल ६एमधली टायटन एम२ ही वेगळी चिप प्रत्येक चुकीनंतर वाढता थांबा घेते, आणि मुख्य प्रोसेसरवर कब्जा मिळाला तरी हा थांबा चुकवता येत नाही. त्यामुळे सहा आकडेसुद्धा पुरतात. ही चिप नसेल तर तोच पिन अगदी दुबळा ठरतो आणि लांबलचक सांकेतिक वाक्य पाठ करण्याला पर्याय उरत नाही. फेअरफोनमध्ये या तोडीची सोय नाही, असा ग्राफीनचा मुख्य आक्षेप आहे.

यावर ग्राफीन आपली भर घालतं: ठरावीक तास फोन उघडला नाही तर तो आपोआप रीबूट होतो, कुलूपबंद असताना यूएसबी पोर्टवरून माहिती जात नाही, आणि जबरदस्तीने पिन मागितला तर द्यायचा एक वेगळा पिन ठेवता येतो, जो टाकताच सगळं पुसलं जातं. पोलिसांना फोन उघडायची यंत्रं विकणाऱ्या सेलेब्राइटच्या २०२४ मध्ये फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांत ताज्या पॅचचा ग्राफीन फोन त्यांच्या यंत्राला उघडता येत नसल्याची नोंद होती. जाहिरात म्हणून याहून चांगली कुणी लिहिली नसती.

मला यात एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. या यादीत स्क्रूंवर, मॉड्यूलवर, उघडत्या पाठीवर एकही आक्षेप नाही. बॅटरी नखाने निघते म्हणून फोन असुरक्षित होत नाही. खाजगीपण हवं तर डिंक सोसा, असा कुठला तांत्रिक नियम नाही. अडचण पैशाची आहे. फेअरफोन वर्षाला साधारण एक लाख फोन विकते. एवढ्या धंद्यात महागडी चिप, वेगळं सिक्युअर एलिमेंट आणि आठवड्याच्या आत पॅच काढणारा अभियंत्यांचा ताफा बसत नाही. आहे तो पैसा सुटे भाग वर्षानुवर्षं साठवण्यात आणि खनिजांच्या साखळीवर लक्ष ठेवण्यात जातो. गूगलकडे उलटं आहे. ताफा आहे, चिप स्वतःची आहे, आणि डिंकाबद्दल काही करावं असं त्यांना बराच काळ वाटलं नाही.

२०२५चा उन्हाळा

जून ते ऑगस्ट २०२५ या तीन महिन्यांत दोन्ही बाजूंची कमजोरी एकाच वेळी उघडी पडली.

जूनमध्ये गूगलने अँड्रॉइड १६चा कोड प्रसिद्ध केला, पण पिक्सेलसाठीच्या ज्या फाइली नेहमी सोबत यायच्या त्या यावेळी दिल्या नाहीत. ग्राफीनने काही आठवड्यांत वाट काढली. तरी ज्याच्या घरात राहायचं तोच घरमालक पाणी तोडू शकतो, हे सगळ्यांना कळलं. गूगलपासून दूर राहण्यासाठी गूगलचाच फोन घ्यावा लागतो हा विनोद जुना होता. त्या महिन्यात तो कुणाला फारसा हसवेना.

त्याच महिन्यात फेअरफोनची सहावी पिढी आली. बारा मॉड्यूल, २०३३ पर्यंत आधार, ५९९ युरो. शिवाय म्युरेना कंपनीची ई ओएस घातलेली आवृत्तीही. बॅटरी आता नखाने निघत नाही, स्क्रू काढावे लागतात. आयफिक्सिटने गुण तरीही दहाच दिले.

जुलैमध्ये पिक्सेल ६एची पाळी आली. काही फोनांच्या बॅटऱ्या अतितापण्याचा धोका असल्याने गूगलने ८ जुलैपासून सक्तीचा अपडेट सोडला. ज्या फोनांना हा धोका आहे, त्यांच्या बॅटरीची चार्जिंगची ४०० आवर्तनं झाली की क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला जातो. बदल्यात बॅटरी फुकट बदलून मिळणार होती, किंवा अमेरिकेत १०० डॉलर रोख, अथवा नव्या पिक्सेलसाठी १५० डॉलरची सूट. त्याच वर्षी जानेवारीत ४एच्या आणि नंतर ७एच्या बॅटऱ्यांसाठीही असेच कार्यक्रम जाहीर झाले होते. चारशे आवर्तनं म्हणजे रोज एकदा चार्ज करणाऱ्याचं वर्षभराहून थोडं अधिक. ६एला सुरक्षा-अपडेट मात्र जुलै २०२७ पर्यंत मिळायचे आहेत. आतली प्रणाली ठणठणीत आणि बॅटरी आजारी, अशी ही अवस्था. फेअरफोन ४मध्ये हाच दोष निघाला असता तर पाकिटातून बॅटरी आली असती आणि विषय संपला असता.

मग १ ऑगस्टला कॅलिक्स ओएसने काम थांबवल्याचं जाहीर केलं. फेअरफोन ४ आणि ५ दोन्हींवर चालणारी, बूटलोडर बंद ठेवू देणारी ही प्रणाली म्हणजे या दोन टोकांमधला सगळ्यात समंजस मार्ग होता. तिचे प्रमुख बाहेर पडले, सहीच्या किल्ल्या आणि सगळी कार्यपद्धती नव्याने उभारायची ठरली, आणि चार ते सहा महिने अपडेट येणार नाहीत असं वापरकर्त्यांना सांगण्यात आलं. याच धाटणीची डिव्हेस्ट ओएस तर डिसेंबर २०२४ मध्येच बंद झाली होती. सुटे भाग सात वर्षं मिळतील याची हमी कंपनी देऊ शकते. चार-पाच माणसांनी चालवलेल्या प्रणालीची हमी कोण देणार?

बँकेला कोण चालतं

आपल्याकडच्या वाचकाचा पहिला प्रश्न याहून वेगळा असतो: यूपीआय चालेल का?

बरीच बँक-ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेला विचारतात, की हा फोन भरवशाचा आहे का. उत्तर गूगलच्या प्रमाणपत्रावर ठरतं. ग्राफीनला ते प्रमाणपत्र नाही, म्हणून तिथे प्राथमिक पातळीवरच होकार मिळतो. काही बँकांची ॲप चालतात, काही सुरूच होत नाहीत, आणि काल चाललेलं आज बंद पडू शकतं. सार्वजनिक नमुना किल्लीवर विश्वास ठेवणारा, मूळ प्रणालीवरचा फेअरफोन ४ मात्र गूगलचा प्रमाणित फोन. त्याला सगळी दारं उघडी. बँकेच्या लेखी हा सुरक्षित, आणि पूर्ण तपासणी करणारा ग्राफीनचा फोन मात्र संशयित. या व्यवस्थेला सुरक्षेची चाचणी म्हणवत नाही. ही गूगलशी करार आहे की नाही याची चाचणी आहे. बँकांनी ग्राफीनच्या किल्ल्या थेट हार्डवेअरमधून तपासाव्यात, अशी मागणी ग्राफीन करत असतं आणि तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. पण आपल्या बँकेच्या शाखेत हा विषय काढून बघा.

ई ओएसमध्ये गूगलच्या सेवांऐवजी मायक्रोजी (त्या सेवांची मुक्त नक्कल) असतं, तिथेही हीच कटकट. त्यात ग्राफीनचा दुसरा आक्षेप असा, की मायक्रोजीला तिथे प्रणालीत खास अधिकार मिळतात. ग्राफीन प्ले सर्व्हिसेसला इतर कुठल्याही ॲपसारखं पिंजऱ्यात ठेवतं. गूगल नावालाही नको म्हणणाऱ्याला हे पटत नाही. मला पटतं. मूळ गूगल बांधून ठेवलेला बरा, की नकली गूगल मोकळा, असा तो वाद आहे.

तापकीर गल्लीचं गणित

फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. ॲमस्टरडॅमजवळच्या आम्स्टेलव्हीनला राहणाऱ्या चुलतभावाकडून मागवता येतो, तिथे मराठी मंडळीही बरीच आहेत. पण मग वॉरंटी तिकडची, सुटे भाग तिकडचे, आणि जिओचं सिम असेल तर व्होल्टीई (फोरजीवरून होणारे कॉल) चालेलच याची हमी नाही. जिओकडे टूजी-थ्रीजी नसल्याने व्होल्टीई नाही तर साधा फोनही नाही.

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली, पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीची व्याख्या आयफिक्सिटपेक्षा वेगळी आहे. तिथल्या कारागिराला डिंकाची भीती नसते. गरम पाट्यावर फोन ठेवायचा, पत्ती फिरवायची, जुनी बॅटरी अल्कोहोलचे थेंब सोडून सुटी करायची, नवी बसवून कडेने बी-७००० गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि क्लिपा लावून ठेवून द्यायचं. पाण्यापासूनचं संरक्षण गेलं हे तो सांगतो किंवा सांगत नाही. त्याची अडचण मालाची असते. रेडमी-विवोचा फोल्डर समोरच्या दुकानातून लगेच येतो, पिक्सेलचा ‘मागवावा लागेल’. अस्सल आहे का, हा पुढचा प्रश्न. शिवाय पिक्सेलची स्क्रीन बदलली की बोटाच्या ठशाचा सेन्सर गूगलच्या वेबसाइटवरच्या साधनाने पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हे दुकानात प्रत्येकाला माहीत असतंच असं नाही. आयफिक्सिटमार्फत पिक्सेलचे अस्सल भाग २०२२पासून मिळतात, पण ती सोय सुरू झाली अमेरिका-युरोपात.

सरकारी पातळीवर दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती झाली, पोर्टल आलं, आणि दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. गुणांकनात सॉफ्टवेअरच्या अपडेटला किती वजन मिळतं, यावर त्याचा खरा उपयोग ठरेल. प्रणालीवर ताबा कुणाचा हा प्रश्नही इथे पुस्तकी राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून टाकण्याचा आदेश निघाला आणि ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला मागे घेतला गेला.

निवड

म्हणून मी फोन विचारणाऱ्याला आधी विचारतो, की तुमचा फोन कुणाच्या हातात पडण्याची भीती आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एनएसओ कंपनीवर खटला भरला, तेव्हा त्याचं लक्ष्य ठरलेल्या भारतीयांत महाराष्ट्रातले वकीलही होते. अशा वकिलाने, पत्रकाराने, कार्यकर्त्याने पिक्सेल ८ किंवा त्यापुढचा फोन घेऊन ग्राफीन टाकावं, बँकेसाठी दुसरा स्वस्त फोन ठेवावा, आणि बॅटरीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. त्याच्यासाठी दुरुस्तीचे गुण दुय्यम आहेत.

युरोपात राहणारा, फोन पाच-सात वर्षं वापरू पाहणारा, कुणाच्या नजरेत नसलेला माणूस असेल तर फेअरफोनची नवी पिढी घ्यावी, आणि शक्यतो मूळ प्रणालीच ठेवावी. खाजगीपणासाठी ई ओएस टाकून पॅच उशिरा घेण्यापेक्षा मूळ प्रणालीत गूगलच्या परवानग्या कापणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. या मतावर ई ओएसवाले चिडतात. जाहिरातदाराच्या नजरेतून सुटणं हेच ज्यांचं उद्दिष्ट आहे, त्यांच्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबरही आहे.

इकडे महाराष्ट्रात बसून फेअरफोन मागवणं म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली दुरुस्ती अवघड करून घेणं.

पुढे ही दोन टोकं जवळ येतील का? युरोपचे नियम एका बाजूने ढकलत आहेत. २० जून २०२५पासून तिथे सुटे भाग सात वर्षं द्यावे लागतात, आणि १८ फेब्रुवारी २०२७पासून वापरकर्त्याला बॅटरी स्वतः काढता यावी असा नियम लागू होईल, काही टिकाऊ बॅटऱ्यांना सवलत सोडून. म्हणजे पिक्सेलचा डिंक कमी व्हायला कायद्याचा रेटा आहे. उलट दिशेने तसा रेटा नाही. त्याच नियमांत सुरक्षा-अपडेटसाठी कंपनीला चार महिन्यांची मुभा आहे, आणि ग्राफीनची अट आठवड्याची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राफीनने एका मोठ्या उत्पादकाबरोबर काम चालू असल्याचं सांगितलं, वरच्या श्रेणीतल्या स्नॅपड्रॅगनवर. फेअरफोनच्या सहाव्या पिढीत स्नॅपड्रॅगन ७एस जेन ३ आहे, मधल्या श्रेणीतली. ती श्रेणी ओलांडायची तर ५९९ युरोंत भागणार नाही.